साडेतीन हजारांचा आमदार

कॅनडाच्या पूर्व टोकाला असलेल्या प्रांताचे नाव न्यूफाउंडलंड आणि लॅब्रॅडोर असे आहे. त्यातले लॅब्रॅडोर हे नाव अधिकृतपणे जोडले गेले ते २००१ मध्ये; त्याआधीची बावन्न वर्षे न्यूफाउंडलंड या बेटाच्या नावावरच साऱ्या प्रांताचे भागत होते. वास्तविक प्रांताची जवळजवळ तीन चतुर्थांश जमीन लॅब्रॅडोरची आहे. सुमारे २ लाख ९४ हजार चौरस किलोमीटरचा हा मुलूख महाराष्ट्राहून थोडासाच लहान भरतो, पण त्यात राहणारी माणसे जेमतेम सत्तावीस हजार. राजधानी सेंट जॉन्स बेटाच्या पार आग्नेय टोकाला आहे. तिथून लॅब्रॅडोरच्या उत्तर किनाऱ्यावरचे नेन हे गाव हवाई अंतराने साधारण मुंबईहून दिल्ली जितके दूर आहे तितके दूर आहे, आणि नेनपर्यंत रस्ता नाही. उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात बर्फावरची गाडी, आणि हवामानाने परवानगी दिली तर छोटे विमान, एवढीच साधने.

या किनाऱ्यावरच्या सहा वस्त्या मिळून प्रांतिक विधानसभेचा एक मतदारसंघ होतो. त्याचे नाव टोर्नगाट माउंटन्स. नेन, होपडेल, माकोविक, पोस्टव्हिल आणि रिगोलेट ही पाच गावे प्रामुख्याने इनुइट लोकांची, तर नातुआशिश हे सहावे गाव इन्नू लोकांचे. नावे कानाला जवळची वाटली तरी हे दोन मूलनिवासी समाज, त्यांच्या भाषा आणि त्यांचा इतिहास पूर्णपणे वेगळे आहेत. सहाही गावांची लोकसंख्या एकत्र केली तरी ती साडेतीन हजारांच्या पुढे फारशी जात नाही. बेटावरच्या एका मतदारसंघात मात्र सरासरी तेरा हजारांहून अधिक लोक असतात. म्हणजे उत्तर किनाऱ्यावरच्या एका मताचे वजन बेटावरच्या जवळजवळ चार मतांइतके होते. मतदारसंघांची फेररचना निघाली की हा आकडा पुढे येतो आणि समान मताच्या तत्त्वाची आठवण करून दिली जाते. ही जागा टिकलीच पाहिजे, असे माझे मत आहे. मात्र आज ती ज्या आधारावर उभी आहे तो आधार चुकीचा आहे, आणि तो बदलला नाही तर ती टिकूनही तिचा उपयोग अपुराच राहील, असेही मला ठामपणे वाटते.

आधार चुकीचा का, हे पाहण्यासाठी कायद्याकडे पाहावे लागेल. प्रांताच्या कायद्याने लॅब्रॅडोरला चार जागा ठरवून दिल्या आहेत आणि उरलेल्या जागा बेटावर लोकसंख्येप्रमाणे वाटल्या जातात. २०१५ मध्ये खर्च कमी करण्यासाठी विधानसभेच्या जागा ४८ वरून ४० वर आणल्या, तेव्हाही लॅब्रॅडोरच्या चार जागांना हात लावला नाही. ही गोष्ट चांगली झाली. पण ही सवलत मिळाली ती अंतर, विरळ वस्ती आणि दळणवळणाची अडचण यांच्या नावाने. त्या कलमामागे इनुइट आणि इन्नू या लोकांचा हक्क नाही. म्हणजे जागा भूगोलाला दिलेली आहे, माणसांना दिलेली नाही. उद्या रस्ता झाला, विमानसेवा सुधारली, तर सवलतीचे कारण संपले असे म्हणायला वाट मोकळी राहते.

समान मताचा आक्षेप मी हलका मानत नाही. एक माणूस, एक मत आणि एक मूल्य हे तत्त्व आपल्याकडेही फार मोलाने मिळालेले आहे. परंतु कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सस्कॅचेवान प्रांताच्या मतदारसंघांविषयीच्या प्रकरणात या प्रश्नाचा नीट विचार करून असे म्हटले की मताधिकाराचा हेतू निव्वळ अंकगणिती समता हा नसून परिणामकारक प्रतिनिधित्व हा आहे, आणि त्यासाठी भूगोल, समाजाचा इतिहास, सामायिक हितसंबंध आणि अल्पसंख्याकांचे प्रतिनिधित्व या गोष्टी लक्षात घेता येतात. आपल्याकडे लक्षद्वीपच्या लोकसभा मतदारसंघात साठ हजारांहून कमी मतदार आहेत आणि महाराष्ट्रातल्या एका लोकसभा मतदारसंघात सरासरी एकोणीस लाखांच्या आसपास. या तफावतीवर आपण रागावत नाही, कारण लक्षद्वीपची माणसे केरळच्या एखाद्या मतदारसंघात मिसळली तर त्यांचा आवाज उरणार नाही, हे आपल्याला न सांगता कळते. टोर्नगाटच्या बाबतीत तर हा हिशेब याहून अवघड आहे, कारण तिथल्या लोकांचा आवाज मुळात कोणी मोजलाच नव्हता.

लॅब्रॅडोरच्या रहिवाशांनी पहिल्यांदा मत दिले ते १९४६ मध्ये. त्याआधी न्यूफाउंडलंडच्या विधिमंडळाने शतकभर कायदे केले, पण लॅब्रॅडोरचा एकही प्रतिनिधी त्यात बसला नाही. १९४६ चे मतदान होते ते न्यूफाउंडलंडने पुढे काय व्हावे हे ठरवणाऱ्या राष्ट्रीय अधिवेशनासाठी, आणि लॅब्रॅडोरहून निवडून गेला तो एक पाद्री. तीन वर्षांनी, ३१ मार्च १९४९ रोजी, न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झाले. त्या वेळच्या सामिलीकरणाच्या अटींत मूलनिवासी लोकांचा उल्लेखच केलेला नाही. परिणाम असा झाला की देशात इतरत्र या लोकांबाबत केंद्राची जी जबाबदारी होती ती इथे कित्येक दशके स्पष्टच झाली नाही. इन्नू लोकांची केंद्राच्या मूलनिवासींविषयीच्या कायद्याखाली (इंडियन ॲक्ट) नोंद व्हायला २००२ साल उजाडावे लागले. एका ओळीचा अभाव अर्ध्या शतकाला पुरला.

आता हेब्रॉनकडे येऊ. नेनच्याही उत्तरेला हेब्रॉन नावाची वस्ती होती. मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनऱ्यांनी १८३० मध्ये तिथे ठाणे मांडले आणि लाकडाची लांबलचक इमारत उभी केली. एकाच छपराखाली प्रार्थनागृह, कोठार आणि मिशनऱ्यांची घरे. भोवती इनुइट कुटुंबे राहत, ऋतूप्रमाणे सील, मासे आणि कॅरिबू हरणे यांच्या मागे जात आणि पुन्हा परत येत. १९५९ मध्ये मिशन, त्या किनाऱ्यावर दवाखाने चालवणारी संस्था आणि प्रांतिक सरकार यांनी मिळून ठरवले की हेब्रॉन बंद करायचे. सरपण कमी पडते, घरे अपुरी आहेत, इतक्या दूर परिचारिका ठेवता येत नाही, अशी कारणे सांगितली गेली. निर्णय लोकांच्या कानावर घातला गेला तो ईस्टरच्या सुमारास, प्रार्थनागृहात. ही जागा महत्त्वाची आहे. प्रार्थनागृहात आवाज चढवायचा नाही, वाद घालायचा नाही, ही तिथल्या इनुइट लोकांची पिढ्यान्पिढ्यांची रीत. जिथे विरोध करता येत नाही अशीच जागा निर्णय सांगण्यासाठी निवडली गेली, आणि मग लोक गप्प राहिले या गोष्टीला संमती मानले गेले. दोनशेहून अधिक माणसे दक्षिणेकडच्या गावांत विखुरली. पुष्कळांसाठी घरे तयार नव्हती. शिकारीच्या जागा, बर्फ कुठे कधी फुटतो याचे ज्ञान, मासे कुठे लागतात याच्या खुणा, हे सारे मागे राहिले; नव्या गावात आधीच्या कुटुंबांच्या वाटा ठरलेल्या होत्या. त्याआधी १९५६ मध्ये नुटाक ही वस्तीही अशीच रिकामी केली गेली होती. प्रांताने माफी मागितली ती २००५ मध्ये.

हेब्रॉनची गोष्ट मी इथे दुःख उगाळण्यासाठी सांगत नाही. या चर्चेत फारसा कोणी न उच्चारलेला एक मुद्दा त्यात आहे. हेब्रॉन रिकामे झाले तेव्हा लॅब्रॅडोरच्या उत्तर भागाला विधानसभेत प्रतिनिधी होता. जागा होती, मतदारसंघ होता, निवडणूक होत होती. तरीही ज्यांचे गाव उठणार होते त्यांच्याशी सल्लामसलत करावी असे कोणत्याही नियमाने सरकारला सांगितले नव्हते, आणि सभागृहातल्या एकट्या माणसाच्या हाती निर्णय थांबवण्याचे साधन नव्हते. म्हणून केवळ जागा राखली की प्रतिनिधित्व झाले, असे जे समजतात त्यांनी १९५९ चे प्रार्थनागृह डोळ्यांसमोर आणावे.

याचा अर्थ जागा निरुपयोगी आहे असा नाही. एका जागेचे मोलही याच विधानसभेने पाहिले आहे. ऑक्टोबर १९७१ च्या निवडणुकीत एका पक्षाला २१, दुसऱ्याला २० आणि न्यू लॅब्रॅडोर पार्टी या छोट्या पक्षाला एक अशा जागा मिळाल्या. तो एकटा आमदार, टॉम बर्जेस, लॅब्रॅडोरच्या पश्चिम भागाचा होता, आणि काही आठवडे संपूर्ण प्रांताचे सरकार त्याच्या निर्णयावर लटकले होते. तेवढ्या काळात लॅब्रॅडोरविषयी जितके बोलले गेले तितके आधी क्वचितच बोलले गेले असेल. परंतु असा योग पिढीतून एकदा येतो, आणि एखाद्या समाजाचे आरोग्य, अन्न आणि जमीन अशा योगावर सोपवता येत नाही.

रोजच्या कारभारात एकटा आमदार काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, याचे उदाहरण मालवाहू बोटीचे आहे. उत्तर किनाऱ्यावर उन्हाळ्यात बेटावरच्या ल्युइसपोर्ट बंदरातून थेट मालाची बोट जात असे. वर्षभराचे पीठ, साखर, बांधकामाचे लाकूड, बर्फावरच्या गाड्यांचे सुटे भाग असे सारे त्या बोटीवर येई. २०१९ मध्ये ही थेट सेवा बंद करून माल आधी रस्त्याने लॅब्रॅडोरमधल्याच गूज बेपर्यंत आणि तिथून बोटीने पुढे, अशी व्यवस्था केली गेली. बेटावरून पाहिले तर हा वाहतुकीच्या कंत्राटातला बदल होता. नेनच्या दुकानात उभे राहून पाहिले तर मालाच्या किमतीवर चढलेला आणखी एक थर होता. माकोविकच्या लेला एव्हान्स त्याच वर्षी टोर्नगाटमधून निवडून आल्या. त्या स्वतः इनुइट आहेत, आणि हा प्रश्न त्यांनी सभागृहात पुन्हा पुन्हा मांडला. मांडणे एवढेच एका जागेच्या हाती असते. चाळीसपैकी बहुतेक आमदारांच्या मतदारसंघात ती बोट जातच नाही.

मस्क्रट फॉल्सच्या धरणाने तर हा प्रश्न उघडा केला. लॅब्रॅडोरच्या चर्चिल नदीवरच्या या जलविद्युत प्रकल्पाला २०१२ च्या अखेरीस मंजुरी मिळाली आणि त्याचा खर्च पुढे १३ अब्ज डॉलरपर्यंत गेला. धरणात पाणी साठले की बुडालेल्या माती आणि झाडोऱ्यातून पाऱ्याचे एक विषारी संयुग तयार होते, ते माशांत आणि सीलमध्ये साठत जाते आणि शेवटी ते खाणाऱ्या माणसांच्या शरीरात पोहोचते. नदी ज्या मेलव्हिल सरोवरात मिळते त्याच्या मुखाशी रिगोलेट हे इनुइट गाव आहे. शास्त्रज्ञांच्या अभ्यासाने धोका दाखवल्यावर नुनात्सियावुत या इनुइट लोकांच्या स्वतःच्या शासनाने मागणी केली की पाणी साठवण्याआधी तळातली झाडे आणि माती काढा. त्या वेळी लॅब्रॅडोरचे चारही आमदार सत्ताधारी पक्षाचे होते, आणि पर्यावरण खाते तर लॅब्रॅडोरच्याच आमदाराकडे होते. प्रतिनिधित्वाचे कोष्टक मांडले तर यापेक्षा अनुकूल स्थिती कल्पिता येणार नाही. तरीही ऑक्टोबर २०१६ मध्ये लोकांना प्रकल्पाच्या आवारात शिरावे लागले आणि तिघांना उपोषणाला बसावे लागले, तेव्हा कुठे मुख्यमंत्री मूलनिवासी नेत्यांसोबत रात्रभर बसले आणि समझोता झाला. त्यातून तज्ज्ञ समिती नेमली गेली, तिने उपाय सुचवले, आणि त्यांतले मुख्य उपाय न होताच २०१९ मध्ये जलाशय पूर्ण भरला गेला. सभागृहातली चार माणसे जे करू शकली नाहीत ते तिघांच्या उपोषणाने थोडेसे केले आणि प्रशासनाच्या दिरंगाईने ते पुन्हा धुऊन नेले. पक्षाच्या शिस्तीत बसलेला आमदार आपल्या लोकांसाठी किती बोलू शकतो, याचा हिशेब प्रत्येक विधिमंडळाने प्रामाणिकपणे मांडावा.

याच प्रकल्पाने आणखी एक गोष्ट दाखवली. इन्नू लोकांच्या संघटनेने या धरणाबाबत प्रांताशी २०११ मध्ये करार केला होता आणि इन्नू मतदारांनी मतदान करून तो मान्य केला होता. इनुइट लोकांशी असा करार झाला नाही. म्हणजे एकाच मतदारसंघात शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन समाजांची या धरणाकडे पाहण्याची जागा वेगळी होती. अशा वेळी टोर्नगाटच्या आमदाराने कोणाचे म्हणणे मांडायचे? त्यातही भर अशी की इन्नू लोकांची दोनच मुख्य गावे आहेत, नातुआशिश आणि शेशात्शिऊ. त्यांपैकी नातुआशिश टोर्नगाटमध्ये आणि शेशात्शिऊ दक्षिणेकडच्या लेक मेलव्हिल मतदारसंघात. एक छोटा समाज दोन मतदारसंघांत चिरला गेला आहे आणि दोन्हीकडे तो अल्पसंख्याक आहे. नातुआशिशचे लोक याआधीच दोनदा हलवले गेले. १९६७ मध्ये त्यांना डेव्हिस इनलेट या बेटावर वसवले, तिथे पाण्याची आणि घरांची व्यवस्था इतकी कोलमडली की २००२ च्या सुमारास नातुआशिश हे नवे गाव बांधावे लागले. ज्यांची जागा इतरांनी वारंवार ठरवली, त्यांना सभागृहातली जागाही इतरांच्या नकाशावर शोधावी लागते.

लहानांच्या आतही कोणी अधिक लहान असते, हे महाराष्ट्राला नवीन नाही. आपल्या विधानसभेच्या २८८ जागांपैकी २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, पण कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या विशेष दुर्बल म्हणून नोंदलेल्या जमातींच्या वाट्याला त्या २५ मधून किती येते, हे कातकरी वाडीत जाऊन विचारले तर उत्तर ऐकून मान खाली जाते. राखीव जागा मोठ्या जमातीला मिळते आणि लहान जमात त्या जागेच्या नावाखाली झाकली जाते.

तरीही टोर्नगाटमध्ये एक गोष्ट आहे जी राखीव जागांच्या पुष्कळ पद्धतींत नाही: तिथला आमदार तिथलेच लोक निवडतात. रशियातल्या खांती-मान्सी प्रदेशाशी तुलना केली की याचे महत्त्व कळते. पश्चिम सायबेरियातला हा तेलाचा प्रदेश. १९५९ मध्ये तिथली लोकसंख्या सुमारे १ लाख २४ हजार होती आणि त्यात खांती आणि मान्सी हे मूलनिवासी मिळून सतरा हजार होते. मग तेल निघाले, कामगारांची शहरे उभी राहिली, आणि १९८९ मध्ये लोकसंख्या पावणेतेरा लाखांच्या पुढे गेली. मूलनिवासी तेवढेच राहिले. त्यांचे प्रमाण मात्र सुमारे चौदा टक्क्यांवरून दीड टक्क्यावर आले. या प्रदेशाच्या विधिमंडळात उत्तरेच्या अल्पसंख्य मूलनिवासींसाठी तीन प्रतिनिधींची स्वतंत्र सभा निर्माण केली गेली आणि तिच्या अध्यक्षाला विधिमंडळाच्या उपाध्यक्षाचा मान दिला गेला. कागदावर ही व्यवस्था टोर्नगाटपेक्षा पुष्कळ भक्कम दिसते. पण कित्येक निवडणुकांत त्या तीन जागांसाठी साऱ्या प्रदेशाचा एकच मतदारसंघ होता. म्हणजे खांतींचा प्रतिनिधी कोण, हे तेलनगरांतल्या लाखो मतदारांनी ठरवायचे. शिवाय मूलनिवासींसाठी विधिमंडळात जागा ठरवून देण्याची मुभा ज्या केंद्रीय कायद्याने १९९९ मध्ये प्रदेशांना दिली, तिचे कलम २००४ मध्ये रद्द केले गेले.

मराठी वाचकाला इथे १९३२ ची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. जागा राखीव, पण मतदार सर्व, ही रचना स्वीकारली की त्या जागेवर बसणारा माणूस बहुसंख्याकांना चालणारा असावा लागतो, ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची शंका होती. पुणे करारात जागांची संख्या ७१ वरून १४८ झाली, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. बाबासाहेबांनी त्यातून वाचवता आले ते वाचवले, म्हणजे दलित मतदारांनी आधी चार उमेदवार निवडायचे आणि मग सर्वांनी त्यांतून एक, अशी प्राथमिक निवडणूक. तीही पुढे टिकली नाही. येरवड्यात जो प्रश्न चर्चेला होता तोच प्रश्न सायबेरियाच्या तेलनगरांत आणि लॅब्रॅडोरच्या किनाऱ्यावर आहे: प्रतिनिधी कोणाचा, याचे उत्तर त्याला कोण निवडते यावरून मिळते, त्याची जात, जमात किंवा भाषा कोणती यावरून नाही. म्हणून टोर्नगाटचा मतदारसंघ लोकसंख्येच्या नावाखाली दक्षिणेकडच्या मोठ्या वस्तीशी जोडण्याची कल्पना मला घातक वाटते. तसे झाले की आमदार इनुइट राहीलही, पण त्याला निवडणारे मतदार वेगळे असतील.

काही जण म्हणतील की प्रांताच्या सभागृहात जागा मागण्यापेक्षा स्वतःची सभाच बळकट करावी. नॉर्वेत सामी या मूलनिवासी लोकांची संसद १९८९ पासून आहे, ३९ सदस्यांची, स्वतःच्या मतदार यादीवर निवडलेली. लॅब्रॅडोरच्या इनुइट लोकांनीही दीर्घ वाटाघाटींनंतर १ डिसेंबर २००५ पासून नुनात्सियावुत हे आपले शासन मिळवले. होपडेलमधल्या त्यांच्या सभागृहात सदस्यांच्या खुर्च्यांना सीलचे कातडे आहे आणि जमिनीला लॅब्रॅडोराइट, तिथल्याच खडकातला तो निळसर चमकणारा दगड. ज्या प्राण्याच्या शिकारीवर दूरच्या शहरांतून इतका राग काढला गेला, त्याच्याच कातड्यावर बसून कायदे करणे यात एक शांत स्वाभिमान आहे. या सभेला शिक्षण, आरोग्य, संस्कृती यांबाबत खरे अधिकार आहेत. पण बोटीचे कंत्राट, नदीवरचे धरण, कॅरिबूच्या शिकारीवरची बंदी, रुग्णाला सेंट जॉन्सला नेणाऱ्या विमानाचा खर्च, हे सेंट जॉन्समध्येच ठरते. नॉर्वेच्या अनुभवानेही हेच सांगितले: फोसेन इथल्या पवनचक्क्यांचे परवाने सामी पशुपालकांच्या हक्कांचा भंग करतात, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये एकमताने दिला, आणि त्यानंतरही पाती फिरतच राहिली, सामी तरुणांना २०२३ मध्ये ओस्लोत मंत्रालयाच्या दारात बसावे लागले. स्वतःची सभा हवीच, आणि ज्या सभागृहात पैसा आणि परवाने ठरतात तिथेही स्वतःचा माणूस हवा. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की टोर्नगाटची जागा लॅब्रॅडोरच्या अंतराची सवलत म्हणून न ठेवता उत्तर किनाऱ्यावरच्या इनुइट लोकांची जागा म्हणून कायद्यात लिहावी, आणि इन्नू लोकांसाठी आणखी एक जागा निर्माण करावी, जिची मतदार यादी गावाच्या सीमेवर नव्हे तर माणसाच्या नोंदणीवर तयार होईल. नातुआशिशचा इन्नू, शेशात्शिऊचा इन्नू आणि नोकरीसाठी गूज बेला गेलेला इन्नू एकाच यादीत येतील, आणि ज्याला सर्वसाधारण यादीतच राहायचे असेल तो तिथे राहील. ही कल्पना विचित्र वाटण्याचे कारण नाही. आपल्या विधान परिषदेत पदवीधर आणि शिक्षक असेच वेगळी नोंदणी करून आपला आमदार निवडतात, आणि सिक्कीमच्या विधानसभेत बौद्ध मठांतल्या भिक्खूंसाठी एक जागा अशीच, भूभागावर न बांधलेली आहे. नुनात्सियावुतच्या सभेतही किनारा सोडून गेलेल्या इनुइट लोकांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आहेत. विखुरलेल्या माणसांना एकत्र मोजण्याची रीत त्यांनी स्वतः घालून दिली आहे. प्रांताने ती फक्त स्वीकारायची आहे. वेगळ्या यादीने समाजात भिंती उभ्या राहतील, ही भीती मला मान्य नाही. इन्नूंना दोन मतदारसंघांत चिरणारी भिंत आधीपासून उभी आहे आणि ती त्यांनी बांधलेली नाही.

जागेसोबत दोन गोष्टी याव्या लागतील, नाहीतर हेब्रॉनचा धडा वाया गेला असे होईल. पहिली म्हणजे उत्तर किनाऱ्यावरची सेवा, जमीन किंवा पाणी यांना स्पर्श करणारा निर्णय मंत्रिमंडळाने घेण्याआधी तो लेखी स्वरूपात नुनात्सियावुतच्या सभेपुढे आणि इन्नूंच्या संघटनेपुढे ठेवण्याची सक्ती, आणि त्यांचे उत्तर विधानसभेच्या पटलावर ठेवल्याशिवाय पुढे न जाण्याचा नियम. त्यामुळे आमदाराला आपल्या पक्षाच्या बैठकीत एकटे लढावे लागणार नाही. त्याच्या हातात आपल्या लोकांचा लेखी शब्द असेल. दुसरी गोष्ट भाषेची. फेब्रुवारी २०२१ च्या निवडणुकीत कोविडचा उद्रेक झाला, मतदानाच्या आदल्या रात्री केंद्रांवरचे मतदान रद्द झाले आणि साऱ्या प्रांताला टपालाने मत द्यायला सांगितले गेले. मुदत २५ मार्चपर्यंत वाढत गेली. ज्या गावांत टपाल विमानाने येते आणि विमान हवामान पाहून येते, तिथे इंग्रजीतले अर्ज आणि सूचना पाठवल्या गेल्या, इनुक्टिटुट किंवा इन्नू-आइमुन भाषेत नाही. नातुआशिशच्या म्हाताऱ्या माणसाने तो अर्ज कोणाकडून वाचून घ्यायचा, आणि मग त्याचे मत गुप्त कसे राहायचे? प्रांतभरात त्या वेळी निम्म्याहून कमी मतदारांनी मत दिले, आणि उत्तर किनाऱ्यावर प्रमाण त्याहून बरेच खाली राहिले. त्या आकड्यावरून तिथले लोक उदासीन आहेत असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल.

खर्चाचा मुद्दा शेवटी निघतोच. सेंट जॉन्सच्या त्या सभागृहात १९९६ पर्यंत ५२ आमदार बसत होते, नंतर ४८ बसले, आता ४० बसतात. इन्नू आमदारासाठी एकेचाळिसावी खुर्ची ठेवायची आहे, आणि सभागृहात तेवढी जागा आहे.